तिसरी मात्रा

थंडीची चाहूल लागली की लहान मुलांच्या घरांतून खोकल्याचे आवाज येऊ लागतात आणि आयांच्या जिवाला घोर लागतो. याच सुमारास, 12 नोव्हेंबर रोजी, जगभर न्यूमोनिया दिन पाळला जातो. आपल्या देशात त्याच दिवशी 'सांस' नावाची शासकीय मोहीम सुरू होते आणि ती फेब्रुवारीअखेरपर्यंत चालते. फलक लागतात, भाषणे होतात, छायाचित्रे निघतात. या निमित्ताने आम्हांस वाचकांचे लक्ष एका साध्या प्रश्नाकडे वेधावयाचे आहे. बालकांचा जीव घेणाऱ्या न्यूमोकोकस जंतूला अटकाव करणारी लस आपल्या पुण्यात तयार होते. 2021 सालापासून ती महाराष्ट्रात सरकारी लसीकरण केंद्रांवर विनामूल्य टोचली जाते. तिच्या मात्रा तीन: पहिली सहाव्या आठवड्यात, दुसरी चौदाव्या आठवड्यात आणि तिसरी नवव्या महिन्यात. पुण्याकडून घाट उतरून आलेला माल जेथे जहाजावर चढतो, त्या न्हावा शेवा बंदराच्या आसपास वाढणाऱ्या प्रत्येक बाळापर्यंत ही तिसरी मात्रा पोहोचते काय? आणि पोहोचत नसेल, तर ते बाळ कोणाच्या जबाबदारीचे?

प्रश्नाचे गांभीर्य कळावयाचे तर आधी शत्रूची ओळख हवी. न्यूमोकोकस हा जंतू 1881 साली फ्रान्समध्ये पाश्चर यांनी आणि अमेरिकेत स्टर्नबर्ग यांनी स्वतंत्रपणे शोधून काढला. तो कोठून तरी दुरून येतो असे नाही. कित्येक निरोगी मुलांच्या नाकाघशात तो निमूटपणे वस्ती करून असतो. शिंकेतून, खोकल्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि बहुधा सर्दीपलीकडे काही घडत नाही. परंतु मूल अशक्त असेल, नुकताच एखादा विषाणुजन्य ताप येऊन गेला असेल, घरात चुलीचा वा विडीचा धूर असेल, एका खोलीत आठ-दहा माणसे निजत असतील, तर हाच जंतू मर्यादा ओलांडतो. फुप्फुसात उतरला की न्यूमोनिया होतो. रक्तात शिरला की सर्व शरीरात विष भिनते. मेंदूच्या आवरणापर्यंत गेला की मस्तिष्कावरणदाह, ज्याला डॉक्टर मेनिंजायटिस म्हणतात, तो होतो. रक्तात वा मेंदूच्या आवरणात झालेला हा शिरकाव म्हणजेच आक्रमक न्यूमोकोकल संसर्ग. सकाळी तापाने किरकिरणारे मूल दुसऱ्या दिवशी बेशुद्ध व्हावे, इतका तो वेगवान असू शकतो. त्यातून वाचलेल्या मुलांपैकी काहींना कायमचे बहिरेपण येते, काहींना फेफरे येऊ लागते, काहींची बुद्धी वा हातपाय अधू होतात. मृत्यूची निदान नोंद होते. ही हानी मात्र पुढे शाळेत 'मंद मूल' असा शिक्का बसून आयुष्यभर त्या मुलाच्या माथी राहते, आणि तिचे मूळ कारण कोणी विचारीत नाही.

दोन वर्षांखालील मुलांनाच हा रोग अधिक का गाठतो, याचेही शास्त्रीय कारण आहे. या जंतूभोवती शर्करायुक्त पदार्थाचे कवच असते आणि त्या कवचाच्या भेदानुसार त्याचे शंभरांहून अधिक प्रकार आजवर ओळखले गेले आहेत. मोठ्या माणसाचे शरीर हे कवच ओळखते व त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. दोन वर्षांखालील बालकाच्या शरीराला ती विद्या अद्याप नीटशी अवगत झालेली नसते. 2015 साली भारतात पाच वर्षांखालील सुमारे 68,700 बालके या एका जंतूमुळे दगावली असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे. उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान या राज्यांवर त्यातील मोठा भार होता. म्हणूनच 2017 साली केंद्र सरकारने ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात आणली, तेव्हा प्रारंभ हिमाचल प्रदेशाबरोबरच बिहार व उत्तर प्रदेशातील काही जिल्ह्यांत झाला. महाराष्ट्राची पाळी येण्यास 2021 साल उजाडले. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात ही लस देशभर नेण्याची घोषणा झाली होती.

या लसीचा इतिहास लांबलचक आहे आणि तो स्थलांतरित मजुरांपासूनच सुरू होतो, ही गोष्ट येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींवर दूरदूरच्या प्रदेशांतून आणलेले मजूर कोंदट बराकींत राहत आणि न्यूमोनियाने पटापट मरत. खाणमालकांच्या पाचारणावरून सर आल्म्रॉथ राइट यांनी 1911 साली त्या मजुरांवर पहिली लस योजून पाहिली. जंतूच्या कवचापासून बनविलेली लस पुढे 1977 साली अमेरिकेत मान्य झाली. परंतु ज्यांना तिची सर्वाधिक गरज होती त्या तान्ह्या मुलांना तिचा उपयोग नव्हता. कवचातील द्रव्य एखाद्या प्रथिनाशी जोडले, तर बालकाचे शरीरही ते ओळखू लागते, हे तत्त्व वापरून तयार झालेली संयुक्त लस 2000 साली अमेरिकेत आली. काही वर्षांतच लसीत समाविष्ट असलेल्या प्रकारांचा आक्रमक संसर्ग तेथील लहान मुलांतून जवळजवळ नाहीसा झाला. त्याहून आश्चर्य असे की, ज्यांना लस टोचलीच नव्हती अशा आजीआजोबांतही हा रोग लक्षणीय प्रमाणात घटला. नातवंडांच्या नाकाघशातून जंतू हटल्यावर तो वृद्धांपर्यंत पोहोचणार कसा?

तथापि, ती लस परदेशी होती आणि तिची किंमत सामान्य भारतीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती. आपल्याकडील काही जाणत्या डॉक्टरांनी त्या काळी तिच्या सरसकट वापरास आक्षेप घेतला. एवढा पैसा पोषणावर आणि साध्या उपचारावर खर्च केल्यास अधिक मुले वाचतील, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते उडवून लावण्याजोगे नव्हते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दहा प्रकारांवर चालणारी देशी लस सिद्ध केल्यावर या वादाचा आधारच बदलला. डिसेंबर 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला पूर्वमान्यता दिली आणि 2020 साली भारताच्या औषध नियंत्रकांनी परवाना दिला. भारतासारख्या देशांत आढळणारे प्रकार ध्यानी घेऊनच तिची घडण झाली आहे. आज सरकारी केंद्रात तिच्यासाठी पालकास एक पैसाही मोजावा लागत नाही. पैशाची अडचण सरली. राहिली ती पोहोचविण्याची.

आमच्या बहुसंख्य वाचकांच्या घरी हा प्रश्न उद्भवत नाही. बालरोगतज्ज्ञ तारीख लिहून देतात, भ्रमणध्वनीवर स्मरण येते, हजारो रुपये मोजून खासगी दवाखान्यात मात्रा पूर्ण होतात. म्हणूनच ही लस 'महागाची' आहे आणि ती ऐपतीचा भाग आहे, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तीच संरक्षक मात्रा सरकारी केंद्रात फुकट मिळते, हे घरकाम करणाऱ्या बाईंना सांगावे, असे सहसा कोणाला सुचत नाही.

आता न्हावा शेवा येथील स्थिती पाहू. उरण तालुक्यातील या भूमीने देशाच्या व्यापारासाठी फार मोठे मोल दिले आहे. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात 16 व 17 जानेवारी 1984 रोजी जासई व दास्तान फाटा परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्या रक्तातून आले. 26 मे 1989 रोजी बंदर सुरू झाले. आज देशाच्या प्रमुख सरकारी बंदरांत कंटेनरच्या वाहतुकीत त्याचा क्रमांक पहिला आहे. 2024-25 साली वीसफुटी मापाने 70 लाखांहून अधिक कंटेनर त्याने हाताळले. 12 जानेवारी 2024 रोजी शिवडीहून थेट येथे येणारा अटल सेतू खुला झाला आणि 8 ऑक्टोबर 2025 रोजी जवळच्याच विमानतळाचे उद्घाटन झाले. या वैभवाचा अभिमान आम्हांसही आहे.

परंतु वैभव बांधणारे आणि वाहणारे हात कोणाचे? द्रोणागिरीपासून दिघोड्यापर्यंत पसरलेली कंटेनरची आवारे, रुंद होत असलेले रस्ते, उठत असलेल्या इमारती या सर्वांवर उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, मराठवाडा अशा ठिकाणांहून आलेले मजूर राबत आहेत. काही एकटे येतात, काही बायकामुलांसह. पत्र्याच्या खोल्यांत, ठेकेदाराच्या तात्पुरत्या वसाहतींत ते राहतात. रायगड जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर जातात आणि पुढला पाऊस तोंडावर आला की परततात. दिवसरात्र धावणाऱ्या अवजड वाहनांची धूळ आणि धूर आहे. खोलीत चूल आहे. जागा अपुरी आहे. न्यूमोकोकसला याहून सोयीचे घर कोणते?

अशा घरी जुलैमध्ये जन्मलेले एक बाळ डोळ्यांपुढे आणा. सहाव्या आठवड्याची मात्रा त्याला गावच्या उपकेंद्रात मिळाली. चौदावा आठवडा उजाडला तेव्हा आईबाप भट्टीवर पोहोचले होते. तेथील आशा कार्यकर्तीच्या यादीत त्या बाळाचे नाव नाही, कारण ते 'येथले' नाही; गावच्या यादीत ते आहे, पण तेथे घराला कुलूप आहे. नवव्या महिन्यात कुटुंब तिसऱ्याच ठिकाणी गेले. कोणीही कर्तव्यात कसूर केली नाही, कोणी लस नाकारली नाही, आणि तरीही मूल उघडे राहिले. लस पोहोचली असे सांगणारा सरकारी अहवाल यात खोटा ठरत नाही. त्या अहवालाच्या कोणत्याच रकान्यात हे मूल बसत नाही, इतकेच.

सरहद्दींचा घोळ या अडचणीत भर घालतो. बंदर प्राधिकरण निराळे, सिडको निराळी. उरणला नगरपरिषद, खेड्यांना रायगड जिल्हा परिषद, शेजारी पनवेलची महानगरपालिका आणि पलीकडे नवी मुंबईची. मजुराची झोपडी महिन्याभरात यांतील एका हद्दीतून दुसरीत जाते. ज्वर मात्र हद्द पाहून चढत नाही. प्रत्येक संस्थेचा अधिकारी आपल्यापुरता बरोबर असतो आणि सर्वांची बेरीज चूक येते, असा अनुभव आपल्या सार्वजनिक जीवनात नित्याचाच आहे.

याच बंदरात 2016 सालापासून कंटेनरवर रेडिओलहरींची खूणपट्टी लावून तो कोठे आहे याचा माग ठेवण्याची व्यवस्था आहे. नाशिकची द्राक्षे घेऊन आलेल्या शीतपेटीचे तापमान जहाजावर चढेपर्यंत राखले जाते. ते बिघडले तर भरपाईचा दावा उभा राहतो. माग ठेवण्याची ही कला आपल्याला अवगत नाही, असे कोणी म्हणू नये. किंबहुना मुलांसाठीही तशी सोय झालेली आहे. 'यू-विन' या संगणकीय नोंदवहीमुळे एका गावी घेतलेली मात्रा दुसऱ्या गावी पाहता येते आणि पुढली मात्रा कोणत्याही सरकारी केंद्रात देता येते. पण नोंदवहीला पाय नसतात. वर्गात हजेरी घेणाऱ्या शिक्षकास हे पक्के ठाऊक असते की, पटावर नाव असलेला मुलगा गैरहजर राहिला तर त्याच्या घरी निरोप धाडता येतो. ज्याचे नावच पटावर नाही त्याची गैरहजेरी कोणाला कळणार? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 12 ते 23 महिने वयाच्या बालकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांशांचेच मूलभूत लसीकरण पूर्ण आढळले होते. उरलेला चतुर्थांश कोठे राहतो, हे शोधण्यास फार दूर जावयास नको.

तिसऱ्या मात्रेवर आम्ही एवढा भर का देतो, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या दोन मात्रांनी बाळाच्या शरीरास शत्रूची ओळख होते. नवव्या महिन्यातील मात्रेने ती ओळख पक्की होऊन टिकते आणि दुसऱ्या वर्षातील धोक्याच्या काळात उपयोगी पडते. गोवर-रुबेलाची लसही याच वेळी द्यावयाची असल्याने निराळी खेप पडत नाही. उशीर झाला म्हणून निराश होण्याचे कारण नाही. पहिल्या वाढदिवसापूर्वी एक जरी मात्रा मिळाली असेल, तर राहिलेल्या मात्रा नंतरही पूर्ण करता येतात. 'वेळ गेली, आता काय उपयोग' असे म्हणून आईला परत पाठविणे हा अज्ञानाचा प्रकार होय.

लस हा सर्व रोगांवरील रामबाण उपाय आहे, असा मात्र आमचा दावा नाही. न्यूमोनिया इतर जंतूंनी आणि विषाणूंनीही होतो. शंभरांहून अधिक प्रकारांपैकी दहांवरच ही लस चालते, आणि लसीने हटविलेल्या प्रकारांची जागा दुसरे घेऊ पाहतात, असे परदेशांत दिसून आले आहे. म्हणून मोठ्या रुग्णालयांत गंभीर बालरुग्णांचे रक्त प्रतिजैविक देण्यापूर्वी तपासले जावे, कोणते प्रकार आढळतात हे शासनाने वेळोवेळी जाहीर करावे, ही मागणी आवश्यक ठरते. पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध, पुरेसा आहार, धूर नसलेली चूल आणि हवेशीर निवारा यांचे महत्त्व लसीमुळे तिळमात्र कमी होत नाही.

आणि रोग झालाच, तर वेळेवर ओळखणे हेच अर्धे औषध आहे. हा धडा जगाला महाराष्ट्रानेच दिला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 1988 सालापासून गावातील आरोग्यसेवकांना आणि दायांना बाळाचा श्वास मोजण्यास शिकविले. अक्षरओळख नसलेल्यांसाठी मण्यांचे साधे मोजयंत्र केले. न्यूमोनिया ओळखून गावातच औषध देण्यात आले. 1990 साली 'लॅन्सेट' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, अशा रीतीने उपचार केलेल्या 612 रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते आणि त्या गावांतील न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांहून निम्म्याहून खाली आले. घनदाट अरण्यात, पक्क्या रस्त्याविना जे साधले, ते आठपदरी रस्त्यांच्या कडेला साधू नये काय? दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला 60 वा अधिक, वर्षाच्या आत 50 वा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 वा अधिक असेल, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध पीत नसेल, आकडी येत असेल वा सुस्त पडले असेल, तर घरगुती काढे, औषधाच्या दुकानातून आणलेली बाटली किंवा मेळघाटात अद्यापि आढळणारे पोटावरील डाग, यांपैकी कशातही एक घटकाही न घालविता रुग्णालय गाठले पाहिजे.

येथे पुन्हा रस्त्याचा प्रश्न येतो. अटल सेतूच्या पलीकडच्या टोकापासून परळचे, 1929 साली स्थापन झालेले वाडिया बालरुग्णालय फार दूर नाही. परंतु सेतूवर दुचाकीला आणि रिक्षाला बंदी आहे, आणि मजुराकडे रात्री अकरा वाजता तेवढीच वाहने असतात. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत बाळास प्राणवायू मिळावयाचा तर तो जवळच, उरणमध्येच मिळाला पाहिजे. ज्या तालुक्यातून देशाचा एवढा व्यापार चालतो, तेथे तान्ह्या मुलांसाठी प्राणवायू, क्ष-किरण आणि बालरोगतज्ज्ञ ही अष्टौप्रहर सोय असणे ही चैन नव्हे.

आमच्या सूचना थोड्या आणि व्यवहार्य आहेत. बंदर प्राधिकरण, सिडको, जिल्हा परिषद, नगरपरिषद आणि दोन्ही महानगरपालिका यांनी वर्षाखालील बालकांची एकच यादी ठेवावी आणि तिची जबाबदारी नावानिशी एका अधिकाऱ्यावर टाकावी. प्रत्येक ठेक्याच्या करारातच अशी अट असावी की, मजूर वसाहतीत आलेल्या दोन वर्षांखालील मुलांची माहिती ठेकेदाराने आठवड्याच्या आत आरोग्य केंद्रास कळवावी. देयक मंजूर करताना ती तपासली जावी. लसीकरणाचे सत्र कामाच्या वेळी केंद्रात भरविण्याऐवजी सुटीच्या दिवशी वा सायंकाळी वसाहतीत, भट्टीवर, मिठागरावर न्यावे. आशा कार्यकर्तीला बाहेरून आलेल्या मुलासाठीही मोबदला मिळावा. मुक्काम हलविताना आईच्या हाती लसीचे कार्ड आणि पुढली तारीख मराठी व हिंदीत लिहून द्यावी. यासाठी नवे खाते नको, नवी इमारत नको. बंदराच्या उत्पन्नाच्या मानाने हा खर्च क्षुल्लक आहे.

वाचकांकडूनही आमची एक अपेक्षा आहे. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंना, फाटकावर बसणाऱ्या रखवालदाराला, शेजारच्या बांधकामावर बाळाला झोळीत ठेवून विटा वाहणाऱ्या स्त्रीला या आठवड्यात एवढेच विचारावे: मूल किती महिन्यांचे, आणि तिसरी टोचणी झाली काय? झाली नसेल तर जवळचे केंद्र दाखवावे आणि त्या दिवसाची रजा पगारासह द्यावी. आज जन्मणारे बाळ नऊ महिन्यांचे होईल तेव्हा श्रावण असेल आणि हवा पुन्हा ओली झालेली असेल. त्याचे नाव तोवर कोणत्या तरी एका यादीत चढलेले असावे, आणि ती यादी कोणी तरी वाचीत असावे, यासाठी कामास आजच लागणे इष्ट आहे.